आधी फ्रेम, गिअर शेवटी

2016 च्या सुमारास मरिन बाइक्स या कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं ‘हॉक हिल’ नावाची सायकल बाजारात आणली. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे-मागे 120 मिलिमीटर सस्पेन्शन, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, आणि किंमत साधारण दीड हजार डॉलर. आकडा आपल्याला मोठा वाटतो, आणि तो मोठा आहेच. पण डोंगरातल्या पायवाटांवर सायकल चालवणाऱ्यांसाठी ही बातमी होती. तोवर एवढ्या पैशांत मागचं सस्पेन्शन मागणाऱ्याला जाणकार दुकानदार एकच सल्ला द्यायचे : नाद सोडा, फक्त पुढे शॉक असलेली हार्डटेल घ्या. सल्ला प्रामाणिक होता. स्वस्तातली फुल सस्पेन्शन सायकल म्हणजे जड, वर्षभरात सांध्यांतून खुळखुळणारी आणि चढावर पेडल मारलं की मागून खाली बसणारी, असा अनुभवच होता. हॉक हिल आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या काही सायकलींनी तो सल्ला जुना करून टाकला.

हॉक हिल ही खरोखरची टेकडी आहे. गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेलं की समुद्राच्या अंगाला उभी. शरद ऋतूत स्थलांतर करणारे शिकारी पक्षी पाहायला लोक तिथं दुर्बिणी घेऊन जमतात. मरिन काउंटी सुरू होते ती इथूनच. याच कंपनीची ‘रिफ्ट झोन’ ही सायकलही मरिनमधल्याच एका पायवाटेचं नाव मिरवते. पॉइंट रेयेसची ती वाट सॅन अँड्रियास भूभ्रंशाच्या पट्ट्यातून जाते. रिफ्ट झोनची 2020 सालची पिढी मला या सगळ्या वर्गाचं चांगलं उदाहरण वाटते, म्हणून पुढचं बरंचसं बोलणं तिच्या अंगानं आहे. सांगायचं आहे ते मात्र एका कंपनीपुरतं नाही. बेतशीर किमतीची ट्रेल सायकल, म्हणजे अशा पायवाटांसाठीची सायकल, जोखायची म्हणजे बनवणाऱ्यानं पैसा कुठे घातला आणि कुठे वाचवला, एवढंच शोधायचं असतं. नंतर बदलता येणाऱ्या गोष्टीत वाचवला असेल तर सायकल चांगली. कधीच बदलता येणार नाही अशा गोष्टीत वाचवला असेल, तर बाकी कितीही चकचकीत असो, ती घेऊ नये.

मरिनमध्ये माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. स्थानिक लोक त्याला नुसतं ‘टॅम’ म्हणतात. त्याच्या पायथ्याशी फेअरफॅक्स हे छोटं गाव, आणि गावाच्या पाठीमागे रिपॅक नावाची उतरंडीची कच्ची वाट. 21 ऑक्टोबर 1976 रोजी या वाटेवर काही तरुणांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. त्यांच्याकडे होत्या 1930-40 च्या दशकातल्या फुगीर टायरांच्या श्विन सायकली, वीस किलोच्या वरच्या, भंगारातून उचललेल्या. जेमतेम तीन किलोमीटरमध्ये चारशे मीटर उतार. पेडल उलटं दाबून लागणारा मागचा ब्रेक उतरताना इतका तापायचा की हबमधलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं, आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. वाटेचं नाव त्यावरूनच पडलं. गॅरी फिशरनं ती 4 मिनिटं 22 सेकंदांत उतरून विक्रम केला. जो ब्रीझनं 1977 मध्ये या कामासाठी मुद्दाम नव्या नळ्यांची फ्रेम बांधली. 1979 मध्ये फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याच्या फ्रेम घेऊन ‘माउंटनबाइक्स’ नावानं धंदा सुरू केला. फेअरफॅक्समध्ये 2015 पासून सायकलींचं संग्रहालय आहे; माउंटन बाइक हॉल ऑफ फेमही आता तिथंच आहे.

त्या संग्रहालयात जुन्या सायकली ओळीनं पाहताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. पहिल्या वीसेक वर्षांत ब्रेक बदलले, गिअर वाढले, धातू हलके झाले. फ्रेमचा आकार मात्र रस्त्यावरच्या सायकलीच्या घडणीतून फार हळू बाहेर पडला. चाकं, नळ्या आणि सीट यांनी एकमेकांशी करायचे कोन डोंगराला हवे तसे व्हायला त्यापुढेही बराच काळ जावा लागला.

सस्पेन्शन त्या मानानं लवकर आलं. पॉल टर्नरनं 1989 मध्ये रॉकशॉक्सचा पहिला सस्पेन्शन फोर्क विक्रीला काढला आणि पुढच्याच वर्षी कोलोराडोतल्या दुरांगोच्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डनं तो लावून उताराची शर्यत जिंकली. मागच्या चाकाचं कोडं जास्त अवघड होतं, कारण तिथं चेन येते. चाक वर-खाली होताना चेन ताणली गेली की पेडलला झटका बसतो. ढिली पडली की पायातला जोर वाया जातो. मूळचा ऑस्ट्रियाचा, मोटोक्रॉसमध्ये घडलेला हॉर्स्ट लाइटनर यानं मागच्या आसाच्या किंचित पुढे, खालच्या नळीवर एक जादा सांधा दिला आणि हे कोडं बरंचसं सोडवलं. त्याचं पेटंट 1998 मध्ये स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीनं विकत घेतलं. 2013 मध्ये अमेरिकेतली त्याची मुदत संपेपर्यंत बाकीच्यांना एकतर पैसे भरावे लागत किंवा वेगळी वाट काढावी लागे. मुदत संपली आणि थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान कंपन्यांनाही ही रचना खुली झाली.

मरिननं मात्र हॉक हिल आणि रिफ्ट झोनमध्ये हा सांधा वापरलाच नाही. एकच मुख्य सांधा, त्याभोवती साध्या कमानीत फिरणारं चाक, आणि शॉकला दाबणारी एक छोटी तरफ, झाली रचना. हे मुद्दाम सांगतो, कारण दुकानात सांध्यांच्या नावांवर फार वेळ जातो. जोरात ब्रेक दाबलेला असताना ही साधी रचना किंचित ताठरते, हे खरं आहे. पण तरफेचं गणित नीट बसवलेलं असेल आणि शॉक त्या फ्रेमसाठी जुळवलेला असेल, तर साधी रचनाही उत्तम चालते; आणि कमी बेअरिंग म्हणजे पुढे कमी खर्च.

आता कोन. हॉक हिलचा हेड अँगल, म्हणजे पुढचा फोर्क जमिनीशी करतो तो कोन, होता 67.5 अंश. 2020 च्या रिफ्ट झोनचा 65.5. दोन अंशांनी काय होतं, असं कुणालाही वाटेल. फोर्क तेवढा पुढे झुकतो आणि पुढचं चाक हँडलच्या आणखी पुढे जातं. तीव्र उतारावर ते चाक दगडाला अडलं, तर हाताखाली अजून सायकल शिल्लक असते, आणि माणूस हँडलवरून पलीकडे फेकला जायची शक्यता कमी होते. सीटच्या नळीचा कोन 76 अंश, म्हणजे जुन्या सायकलींपेक्षा बराच उभा. चढावर कंबर पेडलच्या मागे न राहता जवळजवळ वर येते, त्यामुळे पुढचं चाक उचललं जात नाही आणि मागचा शॉकही उगाच बसत नाही. मागच्या आसाकडे जाणारी खालची नळी 425 मिलिमीटर, 29 इंची चाकाच्या मानानं आखूड, म्हणून अरुंद वळणांत सायकल पटकन फिरते.

या कोनांना कारखान्यात जास्तीचा एक पैसाही लागत नाही. नळी तीच, वेल्डिंग तेच, कामगाराचा वेळ तोच. पाच लाखांच्या सायकलीची भूमिती दीड लाखाच्या सायकलीला देणं हा केवळ निर्णयाचा प्रश्न आहे. म्हणून एखादी नवी स्वस्त सायकल अजूनही 69-70 अंशांचा हेड अँगल आणि मागे कलंडलेली सीट घेऊन येते, तेव्हा ‘या किमतीत एवढंच’ हे समर्थन मला पटत नाही. तिथं काटकसर झालेली नाही, हयगय झाली आहे. आणि हीच गोष्ट पुढे कधी बदलता येत नाही. ब्रेक बदलता येतात, टायर बदलता येतात, फोर्कसुद्धा बदलता येतो. कोन जन्मभर तेच राहतात.

फ्रेमवर बघायच्या आणखी दोन गोष्टी आहेत. फोर्क जिच्यात बसतो ती पुढची नळी वर अरुंद आणि खाली रुंद असावी, आणि मागचा आस 12 मिलिमीटर जाडीचा, आरपार स्क्रूनं बसणारा, 148 मिलिमीटर रुंदीचा असावा. हे असेल तर पुढची बरीच वर्षं चाकं आणि फोर्क मिळत राहतील. मागे जुन्या पद्धतीचा क्विक-रिलीज आस असेल, तर बनवणाऱ्यानं नको तिथं वाचवलं, एवढं समजून घ्यावं.

फ्रेमनंतर पैसा लागतो तो डॅम्परला. स्प्रिंग कुणीही बसवतं. स्प्रिंगची उसळी तेलाच्या आडकाठीनं आवरायची हे खरं काम. ती आडकाठी नसली की खड्ड्यावरून सायकल गेल्यावर मागून जो धक्का बसतो, तो एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकानं अनुभवलेला आहे. आपल्याकडे मुलांना घेऊन दिली जाणारी ‘डबल शॉकर’ सायकल नेमकी अशी असते. सीटखाली लाल-पिवळी जाड स्प्रिंग, तेल नाही, हवा नाही, सांध्यांत बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे बुश. ती डोंगरासाठी नाहीच. सपाट रस्त्यावरही ती मुलाच्या पायातला अर्धा जोर खाते. त्याच पैशांत मिळणारी साधी, शॉक नसलेली सायकल त्या मुलाला कितीतरी जास्त आनंद देईल.

डॅम्पर जोखायचा कसा, हे मला मरिनमधल्याच सॅन राफाएलच्या एका दुकानात नीट कळलं. कोल्हापूरची एक मुलगी, तिकडे एका जैवतंत्रज्ञान कंपनीत नोकरीला, सेकंडहँड रिफ्ट झोन घ्यायला आली होती. तिच्यासोबत मी होतो. मेकॅनिकनं गिअरकडे पाहिलंही नाही. तिला पाठीवरच्या पिशवीसकट सायकलवर बसवलं, भिंतीला कोपर टेकायला सांगितलं, मागच्या शॉकच्या दांड्यावरची बारीक रबरी कडी वर सरकवली आणि अलगद उतरायला लावलं. तिच्या वजनानं कडी दांड्यावर जितकी खाली सरकली, तेवढा ‘सॅग’. शॉकचा दांडा 50 मिलिमीटर दबणारा असेल तर कडी साधारण 15 मिलिमीटरवर थांबायला हवी, म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपास. तिची थांबली वीसच्या पुढे. छोट्या हातपंपानं त्यानं हवा भरली, पुन्हा बसवलं, पुन्हा मोजलं. मग लाल गुंडी फिरवून उसळी मंद केली आणि तिला फुटपाथच्या काठावरून बसल्या बसल्या खाली यायला सांगितलं. सायकल दबली, एकदा वर आली, थांबली. गुंडी दुसऱ्या टोकाला फिरवून तेच पुन्हा केलं. या वेळी ती दोनदा-तीनदा हलली. ‘काका, फरक पायाला कळतोय,’ ती म्हणाली. गुंडी फिरवल्यावर असा फरक कळणं ही शॉक जिवंत असल्याची खूण. फरकच पडत नसेल तर आतलं तेल गेलं आहे किंवा आत काही नव्हतंच.

त्यानंतर त्यानं सीट धरून मागचं चाक जमिनीपासून जरासं उचललं, टेकवलं, पुन्हा उचललं. उचलताना ‘टक्’ असा बारीक आवाज येतो का, हे ऐकण्यासाठी. आला तर शॉकचे बुश झिजलेत किंवा सांध्यातली बेअरिंग गेली आहे. मग एका हातानं फ्रेम घट्ट धरून दुसऱ्या हातानं मागचं चाक डावी-उजवीकडे ओढून पाहिलं. सेकंडहँड घेणाऱ्यानं एवढं तरी केल्याशिवाय पैसे काढू नयेत. बुश स्वस्तात बदलतात. बेअरिंगचा संचही परवडतो. पण सांध्याची जागाच फ्रेममध्ये झिजून मोठी झाली असेल तर ती सायकल तिथंच सोडून यावं.

फोर्कमध्ये मात्र या किमतीला काटकसर दिसतेच. रॉकशॉक्स रिकॉनसारख्या फोर्कचे आतले पाय 32 मिलिमीटर जाडीचे असतात. हलक्या माणसाला ते चालतात. ऐंशी किलोच्या माणसानं दगडगोट्यांत जोरात ब्रेक दाबला की पाय वाकल्याचं हाताला कळतं. 34-35 मिलिमीटरचा फोर्क, जसा रॉकशॉक्स 35 किंवा मार्झोची झेड-2, मिळत असेल तर वरच्या मॉडेलसाठी द्यावे लागणारे जादा पैसे तिथं वसूल होतात. मार्झोचीचा सायकल विभाग 2015 मध्ये फॉक्सनं घेतला, त्यामुळे झेड-2 मध्ये फॉक्सच्या घरातलं काम कमी किमतीत मिळतं.

ब्रेकच्या डिस्कवर बारीक अक्षरं कोरलेली असतात, ती वाचावीत. ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं असेल तर त्या डिस्कवर धातूमिश्रित पॅड लावता येत नाहीत, आणि लांब उतारावर तापल्यानंतर पकड टिकते ती त्याच पॅडची. शिमानोचे एमटी-200 वर्गातले ब्रेक अतिशय भरवशाचे आहेत, कमी दुरुस्तीचे आहेत. त्यांच्यासोबत येणारी डिस्क तेवढी बदलून घ्यावी, पुढे शक्यतो 180 मिलिमीटरची. हा खर्च मोठा नाही आणि त्याचा उपयोग पहिल्याच उतारावर दिसतो. टायरचंही तसंच. कंपन्या टायरमध्ये हमखास हात आखडता घेतात. हॉक हिलवर श्वाल्बेचे हान्स डांप्फ टायर आले, तेव्हा किमतीच्या मानानं ती मोठीच गोष्ट होती. 2.3 ते 2.5 इंच रुंदीचा, मऊ रबराचा, ट्यूब काढून आत द्रव घालता येईल असा टायर हवा. तो नसेल तर पहिला खर्च तिथं करावा.

सायकल चालवता चालवता सीट खाली-वर करणारा ड्रॉपर पोस्ट ही चैन वाटते. ती गरज आहे. उतारावर सीट पोटात येत असेल तर शरीर मागे नेता येत नाही आणि सगळी भूमिती फुकट जाते. ही गरजही मरिनमध्येच ओळखली गेली. जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी 1984 मध्ये ‘हाइट-राइट’ नावाची एक साधी स्प्रिंग काढली होती, सीटची पकड सैल केली की सीट वर उचलून देणारी.

गिअरबद्दल थोडक्यात. पुढे एक चक्र, मागे दहा, अकरा किंवा बारा. सर्वांत मोठं मागचं चक्र 46 ते 51 दातांचं असलं म्हणजे चढ निभतात. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा डीरेलर दगडाला आपटून मोडतोच, म्हणून तो स्वस्तातला असणं फायद्याचं. तरी दुकानात गिऱ्हाईक सर्वांत आधी गिअर किती हेच विचारतं, आणि कंपन्या हे ओळखून फोर्कमधले पैसे काढून डीरेलरवर चमकदार नाव लावतात. वजनाचंही तसंच वेड आहे. या वर्गातली सायकल पंधरा किलोच्या आसपास भरते. तिला हलकं करायला लागणारा पैसा टायर, ब्रेक आणि शॉकच्या देखभालीत घातला तर कितीतरी पटीनं जास्त कामी येतो.

ज्या टॅमवर हे सगळं जन्मलं, तिथल्या बहुतेक अरुंद पायवाटा आज सायकलींना बंद आहेत. रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी 15 मैलांची मर्यादा, आंधळ्या वळणांवर 5 मैल. मोकळेपणानं चालवायचं तर चायना कँपच्या खाडीकाठच्या वाटांवर किंवा फेअरफॅक्सजवळ स्काउट संघटनेच्या मालकीच्या टॅमरँचोमध्ये पास घेऊन जावं लागतं. चायना कँपला ओकच्या सावलीतून वळणावळणानं जाणारी वाट फार तीव्र नाही. 125 मिलिमीटर सस्पेन्शनची सायकल तिथं पुरून उरते, आणि 160 मिलिमीटरची महाग सायकल तिथं ओझं होते. आपल्या वाटा कोणत्या आहेत हे ठरवल्याशिवाय किती सस्पेन्शन हवं, या प्रश्नाला अर्थच नाही. वळणापूर्वी घंटी वाजवायची, चालणारा दिसला की थांबायचं, ही तिथली रीत. पुण्यात वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला सकाळी फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांना सायकलवाल्यांची जी धास्ती असते, ती पाहता ही रीत आपण सायकलीआधी आणायला हवी.

सह्याद्रीत अशी सायकल नेणाऱ्याला दोन गोष्टी जास्तीच्या पाहाव्या लागतात. आपला घसारा टोकदार बेसॉल्टचा, त्यामुळे टायरची बाजूची भिंत जाड हवी. आणि पावसाळ्यातला चिखल फोर्कच्या सीलमध्ये आणि सांध्यांत शिरून बसतो. रॉकशॉक्स फोर्कचे खालचे पाय उघडून तेल बदलायला सांगते ते दर 50 तास चालवल्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये चालवणाऱ्यानं तेवढीही वाट पाहू नये. हे काम करणारा माणूस, फोर्कचे सील, शॉकचे बुश आणि डीरेलर जिला लटकतो ती छोटी पट्टी आपल्या शहरात मिळते का, याची चौकशी सायकल घेण्याच्या आधी करा. मिळत नसेल तर ती किंमत कितीही कमी असली तरी स्वस्त नाही. तेवढ्या पैशांत उत्तम हार्डटेल घ्या आणि निर्धास्त चालवा.

मिळत असेल, तर भूमितीचा तक्ता आधी मागा, मग फोर्कच्या पायांची जाडी विचारा, मग डिस्कवरची अक्षरं वाचा. आणि तुम्हाला सायकलवर बसवून तुमच्या वजनाचा सॅग लावून द्यायला दुकानदार तयार नसेल, तर त्या दुकानातून फुल सस्पेन्शन सायकल घेऊ नका.